हौशी टर्नरची हत्यारखरेदी

लेथ विकणारा व्यापारी हौशी गिऱ्हाइकास एक गोष्ट सांगत नाही, आणि ती न सांगण्यात त्याचा काही कपटभाव असतो असेही म्हणवत नाही. ज्या कारखानदारांशी त्याचा नित्य व्यवहार असतो त्यांना ती सांगावी लागत नाही, एवढेच. ती गोष्ट अशी की, लेथ स्वतः काहीही कापत नाही. ते केवळ लोखंडाचा तुकडा चकमध्ये धरून फिरवते. कापण्याचे कार्य करते ते टूलपोस्टमध्ये आवळलेले, करंगळीहून फारसे मोठे नसलेले एक टूल, आणि ते टूल लेथबरोबर येत नाही. टूल नाही, रिव्हॉल्व्हिंग सेंटर नाही, टेलस्टॉकमध्ये बसणारे ड्रिल चक नाही, बोअरिंग बार नाही. मायक्रोमीटर तर नाहीच नाही. यंत्र घरी आले, हळदकुंकू वाहून झाले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि आता कापावयाचे कशाने हा प्रश्न उपस्थित झाला, म्हणजे खर्चाच्या खऱ्या पर्वास प्रारंभ होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याचा कोंबड्यांशी संबंध किती होता हे सांगता येत नाही, पण त्याच्या घरी लेथ असावे असा माझा दाट संशय आहे.

आमचे एक स्नेही सध्या याच पर्वात आहेत. विमा कंपनीच्या हिशेबखात्यात सारी हयात जमाखर्चाची रुजुवात घालण्यात घालविल्यानंतर निवृत्तीच्या प्रसंगी मिळालेल्या रकमेतून त्यांनी राजकोटच्या बनावटीचे, पट्ट्यावर चालणारे एक जुने साडेचार फुटी लेथ विकत घेतले आणि पुण्यातील आपल्या बंगलीच्या मोटारखान्यात त्याची स्थापना केली. मोटार तेव्हापासून रस्त्यावर पावसात उभी असते. साडेचार फूट ही लांबी लेथच्या बेडची. आपल्याकडे जुन्या बाजारात लेथ फुटांवर विकले जाते, आणि त्याहून अधिक तपशील विचारणारा मनुष्य घेणारा नसून नुसता बघणारा आहे असे समजले जाते. स्नेह्यांनी तपशील पुष्कळ विचारला आणि तरीही लेथ घेतले, त्यामुळे व्यापारीही काही काळ गोंधळात पडला असावा.

ही हौस कोणा क्षुद्र माणसांची आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. रशियाचा झार पीटर हा लेथचा निस्सीम भक्त होता, आणि त्याच्या पदरी आंद्रेइ नार्तोव्ह याच्यासारखा कुशल यंत्रज्ञ या कामासाठी होता. असा मनुष्य दरबारी असल्यावर टूल कोणते घ्यावे ही विवंचना बादशहास पडत नसावी. विलायतेत तर मध्यमवर्गाने ही हौस थेट घरामागच्या छपरीत आणून बसविली. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल या गृहस्थाने ‘मॉडेल एंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले, आणि नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथे तयार होणारी मायफर्ड कंपनीची लहान लेथे त्या छपऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. आपल्याकडे उलटे झाले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, तिचे पुढे नामांकित मासिक झाले. त्याच किर्लोस्कर घराण्याने १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे काढलेल्या कारखान्यातून उत्तम लेथे बाहेर पडू लागली. परंतु मराठी माणसाच्या दिवाणखान्यात त्यांपैकी मासिक तेवढे पोहोचले, लेथ पोहोचले नाही. आमच्या स्नेह्यांनी ही उणीव एकट्याने भरून काढण्याचा संकल्प केला आहे.

संकल्पाचा दुसरा भाग असा की, टूल घ्यावयाचे ते उत्तमच घ्यावयाचे. या तत्त्वाशी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही, आणि ते मनात धरूनच आम्ही मुंबईस नागदेवी स्ट्रीटवर गेलो. मशीद बंदर स्थानकाच्या पश्चिमेस, क्रॉफर्ड मार्केटपासून हाकेच्या अंतरावर असलेली ही गल्ली ज्याने पाहिली नसेल, त्याला हिंदुस्थानात नटबोल्ट किती प्रकारचे असतात याची कल्पना येणे कठीण. हातगाड्यांची चाके एकमेकांत अडकलेली, हमालांच्या पाठीवर बेअरिंगांची खोकी, आणि दोन माणसे समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्यास शिरकाव मिळू नये अशा रुंदीच्या दुकानांत छतापर्यंत रचलेल्या फडताळांतून तेलकट कागदात गुंडाळलेले सारे यंत्रशास्त्र. आम्ही शिरलो त्या दुकानाचे मालक एक वृद्ध बोहरी शेठ होते. त्यांनी आम्हाला बसावयास स्टूल दिले, चहा मागविला, आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, “काम काय आहे, साहेब?”

या प्रश्नाची तयारी स्नेह्यांनी केलेली नव्हती. “काम असं विशेष काही नाही,” ते म्हणाले, “पण टूल उत्तम पाहिजे.”

“उत्तम कशासाठी? एम.एस. आहे? ईएन-८ आहे? बीड आहे, पितळ आहे?”

“सगळ्यासाठी.”

“आणि नग किती काढायचे?”

“एक,” स्नेही म्हणाले; आणि मग शेठजींच्या चेहऱ्यावरची करुणा पाहून, “फार तर दोन.”

शेठजींच्या धंद्यात गुणवत्ता ही टूलच्या अंगी मुरलेली वस्तू नसते. ती टूल, धातू, यंत्र आणि नगांची संख्या या चौघांच्या तहनाम्यातून निष्पन्न होते. ओतीव लोखंडाचे दहा हजार नग काढणाऱ्यास जे टूल उत्तम, ते पितळेचा एक नग काढणाऱ्यास निकृष्ट असू शकते. हौशी माणसाला हे मान्य करणे फार जड जाते, कारण त्याच्यापाशी चौघांपैकी एकच पक्ष, म्हणजे यंत्र, हजर असते. आणि उरलेल्या तिघांची उणीव तो आदरबुद्धीने भरून काढू पाहतो. त्याला जगातील सर्वोत्कृष्ट टूलविषयी आदर असतो, आणि तो आदर रोख रक्कम मोजून व्यक्त करण्याची त्याची तयारी असते.

अशा गिऱ्हाइकांसाठी बाजाराने एक वस्तू मुद्दाम निर्माण केली आहे. लाकडी पेटीत मखमलीवर अकरा टूले ओळीने निजविलेली असतात. दांडे निळ्या अथवा लाल रंगाने रंगविलेले, आणि प्रत्येकाच्या टोकास ब्रेझ करून बसविलेला कार्बाइडचा लहानसा तुकडा. एक डावे, एक उजवे, एक वाकडे, एक त्याहून वाकडे, एक आटे पाडण्याचे, आणि दोन अशी की त्यांचा उपयोग पेटीतील जागा भरून काढण्यापलीकडे मला कोणी समजावून सांगू शकलेले नाही. पेटी उघडताच मनुष्य हरखून जातो. ही टूले पुष्कळदा नीट धार लावून येत नाहीत, ती वापरण्यापूर्वी घासून घ्यावी लागतात, आणि कार्बाइड साध्या करड्या एमरीवर घासले जात नाही, त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक निराळे घ्यावे लागते, ही हकीकत पेटीच्या झाकणावर छापण्याचा शिरस्ता नाही. शेठजींनी पेटी उघडून दाखविली, स्नेह्यांचे डोळे विस्फारलेले पाहिले, आणि काय वाटले कोण जाणे, पुन्हा मिटून बाजूस ठेवली. बोहरी व्यापाऱ्यांच्या सचोटीविषयी मी पूर्वी ऐकले होते. ती माझ्या स्नेह्यांच्या इतकी आड येईल असे वाटले नव्हते.

मग निघाले इन्सर्ट. होल्डर पोलादाचा, त्याच्या टोकास स्क्रूने बसणारा कार्बाइडचा छोटासा तुकडा; एक टोक बोथट झाले की फिरवून दुसरे पुढे आणावयाचे, घासण्याची कटकट मुळातच नाही. डबीवर लिहिले होते : सीसीएमटी ०६०२०४. स्नेह्यांनी चष्मा पुसला आणि एखाद्या उपवर मुलीच्या पित्याने स्थळाची पत्रिका पाहावी तशा एकाग्रतेने ती अक्षरे पाहू लागले. शेठजींच्या मुलाने, जो अभियांत्रिकी शिकून दुकानात बसला होता, अर्थ सांगितला. पहिला ‘सी’ म्हणजे ८० अंशांच्या कोनाचा समभुज चौकोन. दुसरा ‘सी’ म्हणजे धारेखाली ७ अंशांचा क्लिअरन्स. ‘एम’ ही मापातील सुटीची प्रत. ‘टी’ म्हणजे मधोमध स्क्रूचे भोक आणि वरच्या अंगास चिप मोडण्याची खाच. ०६ ही कडेची लांबी, सुमारे ६ मिलिमीटर. ०४ म्हणजे टोकाची गोलाई, ०.४ मिलिमीटर. “आणि ०२?” “ती जाडी, काका. २.३८ मिलिमीटर.”

“दोन म्हणजे २.३८?”

“हो.”

ज्या माणसाने दोन पैशांच्या तफावतीपायी वर्षअखेरीच्या रात्री जागून काढल्या, त्याला हे उत्तर सहन होणे शक्यच नव्हते. दोन म्हटल्यावर दोन असले पाहिजेत, ३८ शतांश कोणत्या सदराखाली दाखल झाले, याची मंजुरी कोणी दिली, अशी त्यांनी जवळजवळ चौकशी समितीच बसविली. मुलाने आंतरराष्ट्रीय मानकाचा हवाला दिला. स्नेह्यांनी ते मानक मान्य केले, पण निषेध नोंदवून. पुढे त्यांची दृष्टी दुसऱ्या एका डबीवर गेली. तीत सहा टोकांचे, जाडजूड, ऋण कोनाचे इन्सर्ट होते; मोठ्या कारखान्यांत हेच चालते असे त्यांनी वाचले होते, आणि सहा टोकांत दोन टोकांपेक्षा तिप्पट किफायत आहे हे तर त्यांना सांगावेच लागत नव्हते. शेठजींनी विचारले, “मोटर केवढी आहे साहेब?” “एक अश्वशक्ती.” शेठजींनी डबी मिटली. ऋण कोनाचे टूल धातू कापताना यंत्राला जो रेटा देते तो सोसण्यास वजनदार बेड आणि ताकदवान मोटर लागते. हलक्या लेथवर ते कापण्याऐवजी घासते, आणि सारे यंत्र थरथरू लागते. शिवाय इन्सर्ट सुटे मिळणे कठीण, डबी दहांची. सीसीएमटीची दोन टोके हिशेबात धरली तरी वीस धारा होतात; नग एक, फार तर दोन, अशा मनुष्यास त्या वारसांच्या नावे करून ठेवाव्या लागतील.

रिकाम्या हाताने परतलो तरी स्नेही खचले नाहीत. त्यांनी भोसरीच्या एका जुन्या टर्नर मिस्त्रींचा सल्ला घेण्याची तजवीज केली. मिस्त्रींनी साऱ्या नोकरीत निदान तीन मालक आणि असंख्य लेथे झिजविलेली होती. त्यांच्या लेथशेजारी एक गंजका पत्र्याचा डबा होता, आणि त्यात हाय-स्पीड स्टीलचे, म्हणजे एच.एस.एस.चे, काळवंडलेले तुकडे पडलेले होते. काही पुरते चार इंच, काही घासून घासून दीड इंचावर आलेले. “साहेब, टूल टूल काय करता,” ते म्हणाले, “दहा एमएमचे चौरस बिट घ्या चार, आणि घासायला शिका. घासता नाही आलं तर सोन्याचं टूल आणलंत तरी काय उपयोग?”

या काळवंडलेल्या तुकड्यांची कुळकथा मोठी आहे, आणि ती स्नेह्यांना ठाऊक असती तर त्यांनी डब्याला वाकून नमस्कार केला असता. पूर्वी टूले साध्या कार्बन पोलादाची असत. दोनअडीचशे अंश उष्णता लागली की त्यांचे पाणी उतरे, म्हणून टर्नरला संथ चालावे लागे. १८६८ च्या सुमारास मशेट या पोलादतज्ज्ञाने टंगस्टन घालून पोलाद सुधारले. मग फ्रेडरिक टेलर आणि माँसेल व्हाइट या अमेरिकनांनी त्या पोलादास पाणी देण्याची नवी रीत शोधली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लेथवर टूलचे टोक तापून लाल झाले असतानाही ते कापतच आहे आणि निळे पडलेले छिलके उडत आहेत, हे दृश्य पाहून युरोपातील कारखानदार चकित झाले. हा टेलर फार चिकाटीचा मनुष्य. धातू कापण्याच्या कलेवर त्याने १९०६ साली जो प्रबंध वाचला, त्यामागे २६ वर्षांचे प्रयोग होते, आणि त्या प्रयोगांत ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद नुसते छिलके करून टाकण्यात आले होते. कोणते टूल घ्यावे हा प्रश्न सोडविण्यास टेलरला इतके लोखंड लागले. आमच्या स्नेह्यांनी आतापर्यंत एक ग्रॅमही कापलेले नव्हते, आणि त्यांची मते मात्र टेलरपेक्षा निश्चित होती. कार्बाइड बाजारात आले ते पॅरिस प्रदर्शनानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी, जर्मनीतील क्रुप कंपनीकडून. ते अधिक कठीण खरे, पण धक्का लागला की टवका उडतो. आणि नवशिक्याच्या लेथवर धक्क्यांचा पुरवठा अखंड असतो.

मिस्त्रींनी घासून दाखविले. बिट हातात धरून त्यांनी ते ग्राइंडरच्या पांढऱ्या चाकाशी नेले. कोनमापक नाही, जिग नाही, अंगठा टेकावर आणि नजर ठिणग्यांवर. प्रथम समोरच्या बाजूस उतार दिला, मग डाव्या कडेस, दोन्हीकडे आठदहा अंश असावेत. मधूनच बिट पाण्याच्या डब्यात बुडविले, आणि ते टूलसाठी नसून बोटांसाठी आहे असा खुलासा केला. नंतर वरच्या अंगास चिप वळून जाण्यासाठी उतरती खाच काढली, टोकावरची तीक्ष्णता तेलकट दगडावर किंचित मोडून तिला गोलाई दिली, आणि टूल नखावर टेकवून पाहिले. नखावरून घसरले नाही, रुतले, तेव्हा ते लेथला लावले. एम.एस.च्या, म्हणजे साध्या मऊ पोलादाच्या, सळईवरून निघालेली चिप कुरळी होऊन शांतपणे ट्रेमध्ये पडू लागली आणि पृष्ठभागावर आमची तोंडे दिसतील की काय असे वाटले. साऱ्या प्रकाराला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. स्नेह्यांनी विचारले, “हे यायला किती दिवस लागतात?” मिस्त्रींनी थोडा विचार केला. “तुम्ही शिकलेले आहात,” ते म्हणाले, “तुम्हाला जरा जास्त लागतील.”

टूलची उंची हा आणखी एक मामला. धार बरोबर सेंटरच्या रेषेत असली पाहिजे. खाली राहिली तर फेसिंग करताना मधोमध एक बारीक बोंड शिल्लक राहते, वर गेली तर टूल कापण्याऐवजी पोटाने घासते. मिस्त्रींनी खिशातील सहा इंची पोलादी पट्टी काढली, टूलचे टोक आणि गोल काम यांच्यामध्ये हलकेच चिमटीत धरल्यासारखी अडकविली. पट्टीचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर. सरळ उभी राहिली की झाले. पट्टी आमच्याकडे झुकली होती. मिस्त्रींनी मोडक्या हॅकसॉ ब्लेडचा एक तुकडा टूलखाली पॅकिंग म्हणून सरकविला आणि पट्टी उभी राहिली. त्यांच्या डब्यात अशा तुकड्यांचा, पत्र्यांच्या फितींचा मोठा संग्रह होता आणि कोणता तुकडा किती जाड आहे हे ते बोटांनी सांगू शकत. स्नेही हे सारे आदराने पाहत होते, पण त्यांच्या मुद्रेवर असमाधानाची एक छटा होती, ती माझ्या ध्यानात आली. मोडक्या ब्लेडचा तुकडा ही वस्तू विकत घेता येत नाही.

हौशी माणसाचे दुःख नेमके येथे आहे. त्याला प्रारंभी ज्या वस्तूंची खरी गरज असते त्या स्वस्त असतात आणि कष्ट मागतात. ज्या महाग असतात त्या केवळ पैसे मागतात, आणि निवृत्त मनुष्यापाशी वेळ पुष्कळ असला तरी तो खर्च करावयास त्याचा हात पैशाहून अधिक आखडतो. शिवाय स्वस्त वस्तू घरी आणल्यावर तिचे काही कौतुक होत नाही. टूल झटकन बदलण्याचा, लीव्हर ओढताच होल्डर पक्का बसविणारा परदेशी सरंजाम पाहुण्यांना दाखविता येतो. बिटाचा काळा तुकडा दाखविला तर पाहुणा तो टेबलाखाली पडलेला समजून उचलून देतो. आणि हे हौशी मंडळी लेथवर बनवितात तरी काय, याची मी बारकाईने चौकशी केली आहे. ती बहुतेक लेथच्याच वस्तू बनवितात : टूलपोस्टची मूठ, टेलस्टॉकचा दांडा, चकची चावी ठेवण्याचा खुंट. वहिनींनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीची झिजलेली पिन करून मागितली होती. ती ८ मिलिमीटरची पिन स्नेही शतांश मिलिमीटरपर्यंत बरोबर करणार आहेत; त्यासाठी मायक्रोमीटर कोणता घ्यावा याचा विचार चालू आहे, आणि बिजागरीचे भोक झिजून लंबगोल झाले आहे ही वहिनींची हरकत विचाराधीन आहे.

मिस्त्रींनी शेवटी एक यादी लिहून दिली. एच.एस.एस.ची चार बिटे, ग्राइंडरचे एक पांढरे चाक, धारेचा दगड, सेंटर ड्रिलचे दोन नग, एक बऱ्यापैकी रिव्हॉल्व्हिंग सेंटर, टेलस्टॉकचे ड्रिल चक, एक व्हर्नियर. पेटी नको, संच नको. पार्टिंग टूल आता नको, कारण ते अडकले की हबकून जाल. बाकी जसजसे काम पडेल तसतसे. सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेला तो दस्तऐवज घेऊन आम्ही पुन्हा नागदेवीस गेलो. शेठजींनी तो वाचला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, “हे कोणी लिहिलं? कामाचा माणूस दिसतो.” सारे जिन्नस काउंटरवर आले. शेठजींनी कागदाच्या कपट्यावर बेरीज मांडली, स्नेह्यांनी सवयीप्रमाणे ती तोंडी पडताळून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला.

“एवढेच?” ते म्हणाले.

शेठजींनी आयुष्यात गिऱ्हाइकांचे पडलेले चेहरे पुष्कळ पाहिले होते. पण रक्कम कमी झाली म्हणून पडलेला हा प्रकार निराळा आहे हे त्यांनी ओळखले, आणि त्यांची सचोटी येथे संपली याचा दोष मी त्यांना देणार नाही. त्यांनी मुलाला शिडी लावून सर्वांत वरच्या फडताळातील खोके उतरवावयास सांगितले. ते उघडताच परदेशी टूलपोस्टची तुकतुकीत लीव्हर चमकली, आणि स्नेह्यांनी ती एकदा ओढून, पुन्हा सोडून, पुन्हा ओढून पाहिली. यादीतील जिन्नस घेऊन इतकी बचत झालीच आहे, तर तिचा विनियोग कोठे तरी झाला पाहिजे, असा युक्तिवाद त्यांनी मला उद्देशून केला. माझ्या उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती. पैसे देताना मात्र हिशेबखात्यातील जुना मनुष्य जागा झाला. त्यांनी शेठजींना विनंती करून पावत्या दोन निरनिराळ्या करून घेतल्या, आणि पुण्यास पोहोचल्यावर त्यांपैकी पहिली तेवढी वहिनींच्या दफ्तरी दाखल केली.